परळचे ऋण

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी अष्टविनायक, संतवाङ्मय, पाककृती असे विषय असतात. यंदा संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी रुग्णालयांवर लिहितो म्हटले. साहजिकच विचारणा झाली, "साहेब, तुम्ही रुळावरचे माणूस, दवाखान्यात कुठे शिरता?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रूळ, स्लीपर, खडी यांतच वीस-बावीस वर्षे गेली. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण घडले.

आपल्या मंडळातल्या एका सभासदाच्या मेहुण्यांना गालाच्या आतल्या बाजूला बरी न होणारी जखम झाली. तंबाखू-चुन्याची सवय जुनी. तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. गाठ लहान होती. ते एका मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात गेले. तिथे उपचारांबरोबर त्यांच्या हाती दहा-बारा पानांचे एक संमतीपत्र दिले गेले. त्यात 'संशोधन' हा शब्द होता, आणि दोन गटांपैकी कोणत्या गटात नाव येईल ते संगणक ठरवील, असेही लिहिले होते. घरची मंडळी घाबरली. "आपल्यावर प्रयोग करणार" असे म्हणत सगळे त्याच रात्रीच्या गाडीने परत आले. सही केली नाही हा त्यांचा हक्कच होता. पण सही न करताही नेहमीचे उपचार मिळाले असते, हे त्यांना कोणी नीट सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. अडीच महिने काढे आणि अंगारे यांत गेले. शेवटी शस्त्रक्रिया झाली ती आधी ठरली होती त्याहून बरीच मोठी.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. ज्या रुग्णालयात संशोधन चालते ते नेमके करते काय? उत्तर शोधत गेलो तर पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येऊन थांबलो. ते ठिकाण म्हणजे मुंबईचे परळ. आपल्या रेल्वेवाल्यांना परळ म्हटले की वर्कशॉप आठवते. पण त्याच परळमध्ये, पायी फिरता येईल एवढ्या अंतरात, गेल्या सव्वाशे वर्षांत या देशातल्या वैद्यकीय संशोधनाचा मोठा इतिहास घडला आहे.

प्लेगचे वर्ष

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढच्या काही महिन्यांत निम्मे शहर गावाकडे पळाले. रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १८९७ मध्ये प्लेग पुण्यात पोहोचला. मार्चमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. सरकारच्या घरझडत्यांवर लोकमान्यांनी टीका केली, पण तेवढ्यावर न थांबता पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटलही काढले. सार्वजनिक गणेशोत्सव तेव्हा अवघा तीन-चार वर्षांचा होता.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १८९६ मध्ये, वाल्डेमार हाफकिन नावाचा एक शास्त्रज्ञ मुंबईत आला. जन्म रशियन साम्राज्यातील ओडेसाचा, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला. पटकीची लस घेऊन तो १८९३ मध्येच हिंदुस्थानात आला होता. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला काम करायला अपुरी जागा आणि तुटपुंजे मदतनीस मिळाले. तिथे त्याने काही आठवड्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण तो कामावर राहिला.

यानंतर त्याने जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयारी दाखवणाऱ्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही. जेवण तेच, कोठड्या त्याच, हवा-पाणी तेच. मग दोन्ही गटांतील आजारी आणि मृत यांची मोजणी केली. लस न घेतलेल्यांत आजारही जास्त आणि मृत्यूही जास्त आढळले. "लस गुणकारी आहे" असे नुसते म्हणणे आणि दोन सारख्या गटांची तुलना करून दाखवणे यात किती फरक आहे हे मुंबईने त्या वेळी पाहिले. आज मात्र असा प्रयोग कोणी करू देणार नाही. तुरुंगातला माणूस 'हो' म्हणतो तेव्हा ते खरोखर त्याचे स्वतःचे 'हो' असते का, हा प्रश्न आज आधी विचारला जातो. या मुद्द्याकडे मी पुढे येतोच.

१८९९ मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव आहे.

एका बाटलीची चौकशी

आता एक दुःखद प्रकरण. आम्हा रेल्वेवाल्यांना अपघाताची चौकशी म्हणजे काय हे चांगले ठाऊक असते, म्हणून ते मला विशेष जवळचे वाटले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. त्यापैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे १९ ही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पद सोडावे लागले.

पण ती बाटली क्रमांकाने नोंदलेली होती. ती कुणी उघडली, कशी उघडली, चिमटा जमिनीवर पडला तेव्हा तो ज्योतीवर न धरता नुसता औषधी पाण्यात बुचकळून पुन्हा वापरला का, हे सारे साक्षीपुराव्यात आले. ज्याअर्थी त्याच खेपेच्या इतर लसीने कुणाला धनुर्वात झाला नाही, त्याअर्थी दोष गावात बाटली उघडताना शिरला असला पाहिजे, हा युक्तिवाद हळूहळू मान्य झाला. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी हाफकिनची बाजू जाहीरपणे मांडली. १९०७ मध्ये तो दोषमुक्त झाला आणि पुन्हा कामावर आला. तोवर त्याच्या उमेदीची चार-पाच वर्षे वाया गेली होती. ते १९ जीव तर परत येणार नव्हतेच.

यातून मला दोन गोष्टी कळल्या. संशोधनात माणसे दगावू शकतात, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि प्रत्येक बाटलीचा क्रमांक, प्रत्येक टोचणीची तारीख, प्रत्येक रोग्याचे नाव लिहून ठेवले असेल तरच सत्य कधीतरी बाहेर येते. आमच्याकडे रूळ तुटला की तो कोणत्या कारखान्याचा, कोणत्या साली टाकलेला, त्यावरून किती वाहतूक गेली, हे सगळे नोंदवहीत सापडते. तुटलेला तुकडा तपासणीला जातो. ही नोंद नसेल तर दर वेळी बिचाऱ्या की-मॅनवर खापर फुटेल. चांगल्या रुग्णालयाची ओळख अशीच त्याच्या दप्तरावरून होते.

के.ई.एम. आणि न जुळणारे रक्त

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या काळी वरच्या जागा बहुतेक इंग्रजांकडे असत. हिंदी डॉक्टरांना शिकवण्याची आणि संशोधनाची संधी मिळावी, या हेतूने परळला सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज (१९२५) आणि त्याला जोडून के.ई.एम. रुग्णालय (१९२६) उभे राहिले. तिथला अध्यापकवर्ग हिंदीच असावा, असा देणगीदारांचा आग्रह होता. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता हे या कॉलेजचे पहिले डीन.

या के.ई.एम.च्या इतिहासातली एक घटना आपल्या खात्याशी नाते सांगणारी आहे. १९५२ च्या सुमारास दोन जखमी माणसांचे रक्त तपासताना डॉक्टर चक्रावून गेले. त्यातला एक रेल्वे अपघातात सापडलेला, दुसरा चाकूहल्ल्यात जखमी झालेला. त्यांचे रक्त 'ओ' गटासारखे दिसे, पण 'ओ' गटाचे रक्तही त्यांना चालेना. दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात "जुळत नाही" एवढाच शेरा पडून प्रकरण मिटले असते. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी तसे केले नाही. "का जुळत नाही?" हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. नमुने इंग्लंडमधल्या तज्ज्ञांनाही दाखवले. अखेर कळले की या लोकांच्या रक्तपेशींवर 'एच' नावाचा मूळ घटकच नाही. ए, बी आणि ओ या सगळ्या गटांच्या मुळाशी तो घटक असतो. 'लॅन्सेट' या प्रसिद्ध नियतकालिकात १९५२ मध्ये हा शोध छापून आला आणि जगभर या रक्तगटाला 'बॉम्बे' हे नाव पडले.

आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो. युरोपात तो दहा लाखांत एखादा सापडतो. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. साधी तपासणी करून त्याला 'ओ' गटाचे रक्त चढवले तर प्राणावर बेतू शकते. आज अशा दात्यांच्या याद्या आहेत आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात रक्ताची पिशवी विमानाने जाते, त्याची सुरुवात परळच्या त्या प्रश्नात आहे. उपचार करणारे रुग्णालय आणि संशोधन करणारे रुग्णालय यांत फरक आहे तो इथे. पहिल्यात रोगी घरी गेला की कागद बंद होतो. दुसऱ्यात त्याने उभा केलेला प्रश्न उघडा राहतो.

टाटा मेमोरियल

१९३१ मध्ये लेडी मेहरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटाही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून के.ई.एम.च्या शेजारी टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. अणुऊर्जा आणि कर्करोग यांचा संबंध काय असे वाटेल, पण किरणोपचाराचे यंत्र आणि संशोधनाची शिस्त या दोन्ही गोष्टी त्या खात्याकडे होत्या.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. आपल्या मराठी मुलांना क्रिकेटपटूंची नावे पाठ असतात, खानोलकरांचे नाव क्वचितच कुणी ऐकलेले असते. काढलेल्या गाठीची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून "कर्करोग आहे" असे लिहिणे हे विकृतिशास्त्रज्ञाचे रोजचे काम. खानोलकर त्याच्या पुढे गेले. हा रोगी कुठला, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हेही ते विचारत. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. निवडून काढलेले हजार नव्हेत, एकामागून एक आलेले हजार. पुढच्या वर्षी डॉ. सूर्याबाईंसह त्यांनी सवयींतून होणाऱ्या कर्करोगांवर लिहिले. घट्ट नेसलेल्या धोतराच्या काठाने कमरेला सतत घर्षण होऊन होणारा कर्करोग त्यात होता, आणि खालच्या ओठाच्या खोबणीत तंबाखू-चुन्याची गोळी ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच होणारा कर्करोगही होता. ती गोळी म्हणजे खैनी. आपल्या गँगवर दुपारी तळहातावर काय मळले जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. परळच्या प्रयोगशाळेने ऐंशी वर्षांपूर्वी ही सूचना देऊन ठेवली आहे.

१९५२ मध्ये शेजारीच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. खानोलकर त्याचे संस्थापक संचालक होते. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एका छत्राखाली आले. दरम्यान १९६३ पासून इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली होती. या शहरात कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा कर्करोग होतो, याची पद्धतशीर मोजणी करणारी ही देशातली पहिली नोंदणी. आजार मोजल्याशिवाय त्याच्याशी लढता येत नाही.

प्रयोग म्हणजे नेमके काय

आता मूळ प्रश्नाकडे येतो. संमतीपत्रातील ते 'दोन गट' म्हणजे काय? टाटा मेमोरियलचेच उदाहरण घेऊ.

तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असला आणि मानेला गाठ लागत नसली, तर काय करावे? काही शल्यविशारद म्हणत, तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथीही काढून टाका, रोग तिथे लपलेला असू शकतो. दुसरे म्हणत, उगाच मान कशाला कापता? खांदा दुखतो, व्रण राहतो. लक्ष ठेवा, गाठ आली तर काढू. दोन्हीकडे अनुभवी माणसे होती आणि हा वाद कित्येक दशके चालला होता. खरे उत्तर कुणालाच माहीत नव्हते.

२००४ मध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी याचा निकाल लावायचे ठरवले. जे रोगी समजून-उमजून तयार झाले त्यांची चिठ्ठीच्या पद्धतीने दोन गटांत वाटणी केली. चिठ्ठी कशासाठी? डॉक्टरने निवड केली असती तर नकळत धडधाकट रोगी एका गटात आणि अशक्त दुसऱ्या गटात गेले असते, आणि मग उपचाराचा फरक कळलाच नसता. भायखळ्याच्या तुरुंगात हाफकिनने जे ढोबळपणे केले, ते इथे काटेकोरपणे केले गेले. दोन्ही गटांची शस्त्रक्रिया झाली, दोन्ही गटांची नियमित फेरतपासणी झाली. फरक एवढाच, की मान आधी की नंतर.

२०१५ मध्ये पहिल्या ५०० रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मानेतील ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे शंभरांत बारा माणसांचा फरक. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. फक्त तीच शस्त्रक्रिया केव्हा करायची एवढेच ठरले, आणि जगभरच्या शल्यविशारदांनी त्याची दखल घेतली.

इथे थोडे थांबून विचार करा. वाट पाहण्याच्या गटात ७९ जण दगावले, दुसऱ्या गटात ५०. ती चिठ्ठी उलटी निघाली असती तर त्यातील काही जण आज आपल्या घरी असते. त्यांना फसवले गेले नव्हते. अभ्यास सुरू झाला तेव्हा कोणती बाजू बरी हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसेल तरच असा अभ्यास करता येतो ही पहिली अट आहे. आकडे गोळा होत असताना त्यांवर नजर ठेवणारी स्वतंत्र समिती होती. फरक स्पष्ट झाल्यावर निष्कर्ष जाहीर करण्याची सूचना तिनेच दिली. पण म्हणून त्या माणसांचे आपल्यावरचे ऋण कमी होत नाही. आज तोंडाच्या कर्करोगाचा रोगी जयपूरला गेला काय किंवा नागपूरला, त्याला जो सल्ला मिळेल त्यामागे ती पाचशे अनोळखी माणसे उभी आहेत.

ज्यात कुणाचा नफा नाही

आणखी एक उदाहरण देतो. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची महागडी तपासणी आपल्या देशात सर्वत्र होणे अवघड. त्याऐवजी सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे आपल्या भाषेत व्हिनेगर, लावून साध्या डोळ्यांनी बघायचे. हे काम डॉक्टरांनी नव्हे, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी केले. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

या अभ्यासावर टीकाही झाली. दुसऱ्या गटातील स्त्रियांना केवळ माहिती दिली गेली, तपासणी दिली गेली नाही, हे योग्य होते का? संशोधकांचे म्हणणे असे, की त्या वेळी देशात अशी नियमित तपासणी कुठेच होत नव्हती. टीकाकारांचे म्हणणे असे, की तपासणीचा उपयोग होतो हे जगाला आधीच माहीत होते. मी यात निवाडा देणारा कोण? पण असा प्रश्न उघडपणे विचारला जातो हेच निरोगीपणाचे लक्षण आहे असे मला वाटते.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. शस्त्रक्रिया केव्हा करावी किंवा व्हिनेगर लावून काय दिसते, या प्रश्नांत कोणत्याही कंपनीला नफा नाही. तेव्हा त्यांवर पैसा कोण घालणार? असे प्रश्न सार्वजनिक रुग्णालयानेच विचारायचे असतात. तिथे खर्च जनतेचा, रोगी जनतेतले आणि उत्तरही जनतेचे.

इमारतीपेक्षा प्रश्न मोठा

संशोधनाला मोठी इमारतच लागते असेही नाही. कोकणात विंचूदंशाने माणसे पटापट दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून रात्रभर नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवली आणि मृत्यू हृदयावर ताण येऊन होतो हे ओळखले. रक्तदाबावरचे 'प्रॅझोसिन' हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले. १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'ने त्यांचे काम छापले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि आपल्या जयपूरचे उदाहरण तर इथून तीसेक किलोमीटरवर आहे. सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा पाय घडवला. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात जाता येत नसे. आपला माणूस अनवाणी शेतात जातो, मांडी घालून जेवतो. हे लक्षात घेऊन तयार झालेला 'जयपूर फूट' आज जगभर वापरला जातो. डॉक्टर आणि हातात हत्यार धरणारा कारागीर शेजारी बसले तर काय होते याचे हे उदाहरण आम्हा डिप्लोमावाल्यांना फार सुखावणारे आहे.

सही करण्यापूर्वी

रेल्वेत नवीन प्रकारचा स्लीपर किंवा फिटिंग एकदम सगळ्या लाईनवर टाकत नाहीत. लखनौची आर.डी.एस.ओ. आधी थोड्या लांबीवर चाचणी घेते, मोजमापे होतात, मग मान्यता मिळते. औषधाचेही असेच टप्पे असतात. प्रथम थोड्या लोकांत सुरक्षितता आणि मात्रा, मग उपयोग होतो का, मग मोठ्या संख्येने जुन्या उपचाराशी तुलना. मात्र स्लीपरला संमती विचारावी लागत नाही, माणसाला विचारावी लागते. हा फरक कधी विसरता कामा नये.

म्हणून आज आपल्या देशात काही नियम आहेत. प्रत्येक अभ्यासाला रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची, आधी परवानगी लागते. तिच्यात डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी आणि सर्वसामान्य व्यक्तीही असते. चाचणीची जाहीर नोंद करावी लागते. त्यासाठीची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी ती नोंद सक्तीची झाली. २०१९ च्या नियमांत चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे.

आपल्यापैकी कुणापुढे असा कागद आला तर पळू नये आणि डोळे मिटून सहीही करू नये. शांतपणे विचारावे : हा अभ्यास कशासाठी आहे? मी नाही म्हटले तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? दोन गटांत फरक काय? जादा तपासण्यांचा खर्च कोण करणार? काही झाले तर फोन कुणाला करायचा? मध्येच सोडता येईल का? कागद मला समजणाऱ्या भाषेत मिळेल का? घरी नेऊन वाचता येईल का? या प्रश्नांची नीट उत्तरे देणे हे त्या डॉक्टरांचे कर्तव्य आहे. उत्तर मिळत नसेल किंवा घाई केली जात असेल तर सही करू नका. उत्तर मिळाले आणि मनाला पटले तर जरूर विचार करा. होय आणि नाही, दोन्ही उत्तरे सन्मानाची आहेत. उपचार सोडून घरी येणे हे मात्र तिसरे उत्तर नाही. ती आपली हानी आहे.

आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आहे. भायखळ्याचे ते कैदी, मुलकोवालचे ते एकोणीस, न जुळणाऱ्या रक्ताचा तो रेल्वे अपघातातला जखमी, खानोलकरांचे एकामागून एक आलेले हजार, आणि चिठ्ठीत वाट पाहण्याचा गट आलेले ते लोक. यांपैकी फारच थोड्यांची नावे आपल्याला कळतील. ज्ञान त्यांच्या अंगावरून आपल्यापर्यंत आले. हे ऋण कागदावर सही करूनच फेडले पाहिजे असे माझे म्हणणे नाही. रक्तदान करून, गँगवरच्या एखाद्या पोराची खैनी सोडवून, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर त्याला हाताला धरून दवाखान्यात नेऊन, असेही ते फेडता येते.

सुरुवातीला सांगितलेले ते मेहुणे गेल्या वर्षी उत्सवात इथे आले होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांना शब्द नीट उच्चारता येत नाहीत. आरतीच्या वेळी ते पुढे उभे राहिले आणि शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. प्रसाद घेताना माझ्या हातातली तंबाखूची पुडी दिसली तशी ती काढून घेऊन त्यांनी खिशात घातली. बोलले काहीच नाहीत. ती पुडी मी परत मागितली नाही, आणि त्यानंतर दुसरी विकतही घेतलेली नाही.

बुद्धिदात्या गजाननाने आपल्याला प्रश्न विचारण्याची बुद्धी आणि उत्तर ऐकण्याचे धैर्य द्यावे, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!